फोन ठेवल्याशिवाय उठू नका : असिंक्रोनस प्रोग्राममधली कनेक्शन्स सुरक्षितपणे कशी बंद करावीत?



आजचा पाठ संगणकाचा आहे, पण घाबरू नका. ज्यांना प्रोग्रामिंग येत नाही त्यांनाही अर्ध्याहून जास्त पाठ कळेल, अशा बेताने लिहिला आहे. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथन भाषा आहे. मुलं पाठ्यपुस्तकाच्या पुढे जाऊन इंटरनेटवर बघून बघून मोठे प्रकल्प करतात. त्यात 'असिंक' हा शब्द हमखास येतो. प्रोग्राम चालतो, टाळ्या मिळतात, आणि नेमक्या महत्त्वाच्या दिवशी तो अडकतो. का अडकतो, ते आज पाहूया. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

त्या दिवशी काय झालं?

आमच्या शाळेत प्रश्नमंजुषा होती. कागद वाया घालवण्यापेक्षा ती संगणकावर घ्यावी असं ठरलं. बारावीच्या दोन विद्यार्थ्यांनी पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. माझ्या टेबलावरच्या संगणकावर सर्व्हर, म्हणजे उत्तरं गोळा करणारा प्रोग्राम. मुलांच्या संगणकावर क्लायंट, म्हणजे प्रश्न दाखवून उत्तर पाठवणारा प्रोग्राम. सगळे संगणक लिनक्सवर चालणारे. मी कोड वाचला, बरोबर वाटला. २० संगणकांवर १५ प्रश्नांची रंगीत तालीम घेतली. एकदम छान चाललं.

प्रत्यक्ष दिवशी ४२ मुलं होती आणि २५ प्रश्न. चोविसाव्या प्रश्नापर्यंत काहीही अडचण नाही. पंचविसाव्या प्रश्नाला नऊ-दहा जणांची उत्तरं गेली आणि बाकीच्या तीसेक मुलांच्या स्क्रीनवर 'थांबा' हा शब्द तसाच राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. एक मुलगी रडवेली होऊन विचारत होती, "मॅडम, माझंच काही चुकलं का? मी दोनदा बटण दाबलं."

तिचं काही चुकलं नव्हतं. शेवटी तो प्रश्न आम्ही सर्वांसाठी रद्द केला. पण ज्यांची उत्तरं गेली होती त्यांच्यातल्या एका मुलाचा हक्काचा गुण त्यात गेला, आणि पुढच्या फेरीची त्याची निवड एका गुणाने हुकली. मी त्याची आणि त्याच्या आई-वडिलांची माफी मागितली. तो समजूतदार, "असू दे मॅडम" म्हणाला. मला मात्र ते लागून राहिलं.

आता गणित करा. प्रत्येक उत्तरासाठी क्लायंट नवीन कनेक्शन उघडत होता. उत्तर पाठवून झालं की ते कनेक्शन बंद न करता एका यादीत ठेवत होता. मुलांचा विचार असा की, "शेवटी सगळी एकदम बंद करू." तिकडे सर्व्हरही प्रत्येक कनेक्शनवर पुढचं उत्तर येईल म्हणून कान लावून बसलेला. तालमीत २० × १५ = ३०० कनेक्शन्स झाली. त्या दिवशी ४२ × २४ = १००८ झाली, आणि पंचविसावा प्रश्न अजून बाकी होता.

लिनक्समध्ये एका प्रोग्रामला एका वेळी किती फाइल्स आणि कनेक्शन्स उघडी ठेवता येतील यावर मर्यादा असते. बहुतेक ठिकाणी ती सुरुवातीला १०२४ असते. त्यातल्या सहा-सात जागा प्रोग्रामला स्वतःसाठीच लागतात. म्हणजे १००८ नंतर जेमतेम नऊ-दहा जागा उरल्या. 'शेवटी एकदम' बंद करायचा तो शेवट आलाच नाही.

आणखी एक गंमत पाहा. अडकलेल्या मुलांच्या स्क्रीनवर चूक आल्याचा संदेश नव्हता, नुसतं 'थांबा' होतं. कारण त्यांचं कनेक्शन सर्व्हरच्या संगणकापर्यंत पोहोचलं होतं. दारातल्या रांगेत ते उभं होतं. पण आत घ्यायला सर्व्हर प्रोग्रामकडे जागा नव्हती. 'खूप जास्त फाइल्स उघड्या आहेत' ही तक्रार फक्त माझ्या संगणकावर येत होती, आणि ती खिडकी मी लहान करून ठेवली होती!

कनेक्शन म्हणजे काय?

मुलांना मी जुन्या लँडलाइन फोनचं उदाहरण देते. तुम्ही फोन लावता, पलीकडचा उचलतो, बोलणं होतं, मग दोघेही रिसीव्हर ठेवतात. समजा बोलणं संपलं, पण रिसीव्हर बाजूला टेबलावरच राहिला. तर काय होईल? लाइन व्यस्त. दुसरा कोणी फोन केला तरी लागणार नाही. तुम्हाला वाटतं बोलणं संपलं, पण यंत्राच्या दृष्टीने ते चालूच आहे.

संगणकाचं कनेक्शन असंच असतं. टीसीपी पद्धतीत कनेक्शन जोडताना तीन निरोपांची देवाणघेवाण होते. बंद करताना प्रत्येक बाजूला स्वतंत्रपणे सांगावं लागतं की 'माझं बोलणं संपलं', आणि समोरच्याने ते ऐकल्याची पोच द्यावी लागते. म्हणजे बंद करणं हेही एक काम आहे आणि त्याला वेळ लागतो. हे वाक्य वहीत लिहून घ्यायला सांगा, कारण पुढचा सगळा पाठ त्यावरच उभा आहे.

आणि असिंक्रोनस म्हणजे?

सकाळचं स्वयंपाकघर आठवा. एका शेगडीवर चहा, दुसरीवर कुकर, मध्येच पोळ्या लाटणं. माणूस एकच. चहाला उकळी येईपर्यंत ती व्यक्ती नुसती बघत उभी राहत नाही, तोवर कणीक मळते. कुकरची शिट्टी झाली की तिकडे वळते.

असिंक्रोनस प्रोग्राम तसाच चालतो. पायथनमध्ये 'अवेट' या शब्दाचा अर्थ असा : "हे व्हायला वेळ लागेल, तोवर मी थांबतो, दुसरं काम असेल तर करून घ्या." कोणाचं काम तयार आहे हे बघून प्रत्येकाला पाळी देणारा मुकादम म्हणजे 'इव्हेंट लूप'. पायथनमध्ये यासाठी असिंकआयओ हा भाग ३.४ या आवृत्तीत, २०१४ साली आला. 'असिंक' आणि 'अवेट' हे शब्द पुढच्या वर्षी ३.५ मध्ये आले.

नेटवर्कच्या कामात बराचसा वेळ वाट पाहण्यात जातो, त्यामुळे ही पद्धत फार सोयीची. एकच प्रोग्राम शेकडो कनेक्शन्स सांभाळतो. पण जितकी कनेक्शन्स जास्त, तितकी बंद करायची राहून जाण्याची शक्यताही जास्त.

साध्या प्रोग्रामपेक्षा इथे आवराआवर अवघड का?

साध्या प्रोग्राममध्ये ओळी एकामागून एक चालतात. असिंक्रोनस प्रोग्राममध्ये चार नवीन भानगडी असतात.

१. बंद करायलाही थांबावं लागतं. असिंकआयओमध्ये 'क्लोज' म्हणणं म्हणजे बंद करण्याची फक्त विनंती करणं. खरोखर बंद झालं का, हे 'वेट-क्लोज्ड' वर अवेट केल्यावरच कळतं. लिहिलेला मजकूरही लगेच जात नाही, आधी एका साठ्यात जमा होतो आणि मग सवडीने बाहेर पडतो. क्लोज म्हटल्यावर साठ्यातलं उरलेलं पाठवायचा प्रयत्न होतो. पण त्याच क्षणी प्रोग्रामच संपला, तर ते पाठवायचं कोणी? शेवटचं उत्तर वाटेतच राहतं.

२. काम मध्येच रद्द होऊ शकतं. 'पाच सेकंदांत उत्तर आलं नाही तर सोडून दे' असं आपण सांगतो तेव्हा ते काम कॅन्सल होतं. हे रद्द होणं कोणत्याही अवेटपाशी येऊ शकतं. म्हणजे प्रश्न पाठवून झाला आणि उत्तर वाचायचं बाकी, अशा अर्धवट ठिकाणीसुद्धा.

३. वस्तू आपोआप साफ होईल यावर विसंबता येत नाही. पायथन न वापरलेल्या वस्तू स्वतःहून काढून टाकतो हे खरं. पण तशी वस्तू काढून टाकली जात असताना जो कोड चालतो, त्यात अवेट करता येत नाही. म्हणून नीट निरोप घेणं तिथे जमत नाही. फार तर 'अमुक बंद केलं नव्हतं' अशी सूचना मिळते, आणि त्या प्रकारच्या बऱ्याच सूचना पायथन एरवी दाखवतही नाही.

४. मुकादम आधी घरी जातो. इव्हेंट लूप बंद झाल्यावर कोणी कनेक्शन बंद करायला गेलं, तर 'इव्हेंट लूप बंद आहे' असा संदेश येतो. मुलांना हा संदेश फार वेळा दिसतो आणि ती गोंधळतात. अर्थ साधा आहे : आवराआवर उशिरा सुरू झाली.

पहिला नियम : उघडताच बंद करण्याची सोय करा

यासाठी पायथनमध्ये 'ट्राय' आणि 'फायनली' ही जोडी आहे. 'फायनली' खाली लिहिलेलं काम काहीही झालं तरी होतं. ट्रायमधलं काम नीट पार पडो, चूक येवो, नाहीतर मध्येच रद्द होवो. फळ्यावर मी असं लिहिते :

- कनेक्शन उघड (अवेट)
- ट्राय : प्रश्न पाठव, उत्तर वाच
- फायनली : क्लोज म्हण, मग वेट-क्लोज्डवर अवेट कर

पहिली ओळ ट्रायच्या बाहेर आहे हे मुलांना दाखवा. कनेक्शन उघडलंच नाही तर बंद काय करणार? मुलं ती ओळ आत लिहितात, मग सर्व्हर बंद असताना 'हे नावच माहीत नाही' अशी दुसरीच चूक येते आणि खरी चूक झाकली जाते.

याहून सोपी सोय म्हणजे 'असिंक विथ'. एचटीटीपीसाठी वापरल्या जाणाऱ्या एआयओ-एचटीटीपी आणि एचटीटीपीएक्स या लायब्ररींच्या क्लायंटना ती चालते. 'असिंक विथ' च्या चौकटीत शिरताना कनेक्शनची व्यवस्था होते आणि बाहेर पडताना ती बंद होते. दाराला आपोआप बंद होणारी स्प्रिंग लावावी तसं. असिंकआयओच्या साध्या स्ट्रीममध्ये लिहिणाऱ्या बाजूला, म्हणजे रायटरला, ही सोय थेट नाही, तिथे ट्राय-फायनली हाताने लिहावं लागतं.

आणि एक. वेट-क्लोज्ड करतानाच पलीकडच्याने फोन आपटला असेल, तर तिथेही चूक येऊ शकते. आपण निरोपच घेत होतो, त्यामुळे कनेक्शन तुटल्याची तेवढी चूक पकडून सोडून द्यावी. तिच्यामुळे पुढची आवराआवर थांबू नये.

दुसरा नियम : ज्याने उघडलं त्यानेच बंद करावं

घरात 'कोणीतरी गॅस बंद करेल' असं म्हटलं की कोणीच करत नाही. प्रोग्राममध्येही तेच. कनेक्शनचा मालक एकच हवा. बाकीच्या फंक्शन्सना ते वापरायला द्या, पण बंद करायचा हक्क मालकाकडेच ठेवा. नाहीतर एकजण वापरत असताना दुसरा बंद करून मोकळा होतो.

याच नियमाने आम्ही प्रश्नमंजुषा सुधारली. प्रत्येक उत्तराला नवं कनेक्शन न घेता प्रत्येक मुलाला एकच कनेक्शन, पहिल्या प्रश्नाआधी उघडायचं आणि शेवटच्या प्रश्नानंतर बंद करायचं. १०५० ऐवजी ४२! वेगही वाढला, कारण दर वेळी नव्याने फोन लावायला नको.

मला वाटलं, झालं काम. पण खरा धडा पुढेच होता.

'मॅडम, माझं उत्तर चुकीचं होतं, तरी बरोबर कसं आलं?'

नव्या प्रोग्रामची आम्ही तालीम घेतली. या वेळी एक नवी सोय केली होती : तीन सेकंदांत सर्व्हरकडून निकाल आला नाही तर 'पुढे चला' म्हणायचं. तालमीत एका मुलीने हात वर केला. आठव्या प्रश्नाला तिने मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं होतं, तरी स्क्रीनवर 'बरोबर' आलं.

शोधल्यावर कळलं ते असं. तिच्या सातव्या उत्तराचा निकाल उशिरा निघाला. तीन सेकंद झाले म्हणून क्लायंटने वाट बघणं रद्द केलं आणि तेच कनेक्शन आठव्या प्रश्नासाठी वापरलं. दरम्यान सातव्याचा निकाल येऊन त्या कनेक्शनवर पडून राहिला होता. आठव्याचा निकाल म्हणून क्लायंटने तोच वाचला. तिथून पुढे प्रत्येक निकाल एकेक घर मागे!

यात कनेक्शन गळत नव्हतं, तुटलंही नव्हतं. ते खरकटं झालं होतं. आधीच्या माणसाचं ताट न विसळता पुढच्याला वाढल्यासारखं.

हा काही शाळकरी प्रकल्पातला किरकोळ घोटाळा नव्हे. २० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटी ही सेवा काही तास बंद ठेवावी लागली. काही वापरकर्त्यांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसू लागली होती. ओपनएआय कंपनीने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार चूक रेडिस-पाय या मुक्त स्रोत क्लायंट लायब्ररीच्या असिंक भागात होती. विनंती पाठवून झाली, पण उत्तर वाचण्याआधी ती रद्द झाली, तर कनेक्शन तसंच साठ्यात परत जात होतं, आणि पुढच्या भलत्याच विनंतीला आधीचं उरलेलं उत्तर मिळू शकत होतं. त्या दिवशी सर्व्हरवर केलेल्या एका बदलामुळे रद्द होणाऱ्या विनंत्या अचानक वाढल्या आणि घोटाळा उघड झाला. नऊ तासांच्या एका कालावधीत सक्रिय असलेल्या पैसे भरणाऱ्या सदस्यांपैकी १.२ टक्के जणांची नाव, ईमेल, कार्डाचे शेवटचे चार अंक अशी माहिती इतरांना दिसली असण्याची शक्यता कंपनीने सांगितली. पूर्ण कार्ड क्रमांक उघड झाले नव्हते.

मुलांना हे सांगितलं तेव्हा वर्गात शांतता पसरली. त्या मुलीने जे पकडलं, तोच प्रकार एवढ्या मोठ्या ठिकाणी घडला होता. मी तिचं वर्गासमोर कौतुक केलं. आपल्या फायद्याची चूक दाखवून देणं सोपं नसतं.

तिसरा नियम : अर्धवट राहिलेलं कनेक्शन परत वापरू नका

प्रश्न गेला आणि उत्तर वाचायच्या आत काम रद्द झालं, तर ते कनेक्शन बंद करून टाकावं आणि गरज पडली तर नवं उघडावं. नवं उघडायला थोडा वेळ जातो, पण चुकीचं उत्तर मिळण्यापेक्षा ते परवडलं.

जोडीला आम्ही प्रत्येक प्रश्नाला क्रमांक दिला आणि सर्व्हरने निकालासोबत तोच क्रमांक परत पाठवायचा असं ठरवलं. क्रमांक जुळला नाही तर निकाल स्वीकारायचा नाही. उत्तरपत्रिकेवर आसन क्रमांक लिहायला लावतो ना, तसंच.

चौथा नियम : रद्द झाल्याचा निरोप गिळू नका

काम रद्द होतं तेव्हा पायथन त्या कामात 'कॅन्सल्ड-एरर' टाकतो. अर्थ : "बाळा, आवर आणि बाहेर ये." आवराआवर जरूर करावी, पण नंतर तो निरोप पुढे जाऊ द्यावा. मुलं सगळ्या चुका पकडण्यासाठी नुसतं 'एक्सेप्ट' लिहितात आणि त्यात हा निरोपही अडकतो. मग ज्याने रद्द करायला सांगितलं, त्याला वाटतं काम सुरळीत संपलं. पायथन ३.८ पासून कॅन्सल्ड-एरर साध्या 'एक्सेप्शन' गटाच्या बाहेर काढला आहे, त्यामुळे 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहिलं तर तो अडकत नाही. नुसतं 'एक्सेप्ट' मात्र अजूनही त्याला पकडतं. म्हणून मुलांना नुसतं 'एक्सेप्ट' लिहायची सवय लागू देऊ नका.

रद्द झाल्यावर फायनलीमध्ये अवेट करता येतं का, असं मुलं विचारतात. येतं. रद्द करण्याचा निरोप एकदा देऊन झाला की पुढचे अवेट नेहमीसारखे चालतात, पुन्हा कोणी रद्द करेपर्यंत. पण आवराआवरीलाही वेळेची मर्यादा घाला. समोरचा संगणक बंद पडला असेल तर त्याच्या निरोपाची वाट किती बघायची? दोन-तीन सेकंद पुरेत. ३.११ पासून असिंकआयओमध्ये यासाठी 'टाइमआउट' ही सुटसुटीत चौकट आहे.

पाचवा नियम : आवरण्याचा क्रम ठरलेला असावा

शाळा सुटताना आपण काय करतो? आधी नवीन तास सुरू करत नाही. मग वर्गात असलेली मुलं बाहेर पडतात. मग खिडक्या, पंखे, दिवे. सगळ्यात शेवटी फाटकाला कुलूप. मुलं आत असताना कुलूप लावून चालेल का?

प्रोग्रामचाही क्रम तोच :

१. नवीन काम घेणं थांबवा.
२. चालू कामं संपू द्या, किंवा रद्द करून ती खरोखर संपेपर्यंत थांबा.
३. कनेक्शन्स बंद करा आणि बंद झाल्याची खात्री करा.
४. मग इव्हेंट लूप बंद होऊ द्या.

चौथी पायरी 'असिंकआयओ रन' स्वतः करतं. मुख्य काम संपलं की उरलेली कामं रद्द करून, ती आवरेपर्यंत थांबून मगच ते लूप बंद करतं. म्हणून लूप हाताने उघड-बंद करण्यापेक्षा याचाच वापर करायला शिकवा. अनेक कामं एकाच कनेक्शनच्या भरवशावर असतील तर 'असिंक विथ' ची चौकट बाहेर आणि कामांचा गट आत ठेवा. म्हणजे आधी कामं संपतात, मगच कनेक्शन बंद होतं.

आणि वीज गेली तर?

हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात आधी येतो! मुलाच्या संगणकाची वीज गेली तर ना ट्राय, ना फायनली. 'माझं बोलणं संपलं' हा निरोपच जात नाही. सर्व्हर बिचारा वाट बघत बसतो. टीसीपीमध्ये 'पलीकडे कोणी आहे का' हे तपासायची सोय आहे, पण प्रोग्रामने मागितल्याशिवाय ती चालू होत नाही. चालू केली तरी लिनक्सवर पहिली तपासणी ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते, जोवर आपण तो आकडा बदलत नाही. म्हणून सर्व्हरने स्वतःचा नियम ठेवावा : इतकी मिनिटं काही आलं नाही तर कनेक्शन बंद. क्लायंट कितीही शहाणा असला तरी आवराआवर दोन्ही बाजूंनी लागते.

वर्गात घ्यायचा खेळ (संगणकाशिवाय)

साहित्य : दहा दोऱ्या, चिठ्ठ्या, एक शिट्टी.

- एक विद्यार्थी सर्व्हर. त्याच्या हातात दहा दोऱ्यांची टोकं. प्रश्न विचारायचा असेल त्याने एका दोरीचं दुसरं टोक धरायचं.
- पहिली फेरी : उत्तर मिळालं तरी दोरी सोडायची नाही. अकरावा मुलगा आला की काय होतं ते बघा.
- दुसरी फेरी : उत्तर मिळताच दोरी परत. दहा दोऱ्यांत सगळ्या वर्गाचं काम होतं.
- तिसरी फेरी : उत्तराची चिठ्ठी दोरीला अडकवून पाठवायची. मध्येच शिट्टी वाजली की मुलाने चिठ्ठी न घेता दोरी पुढच्याला द्यायची. पुढच्याला कोणाचं उत्तर मिळालं?

तिसऱ्या फेरीला मुलं खो-खो हसतात, पण खरकटं कनेक्शन म्हणजे काय हे पुन्हा कधी विसरत नाहीत.

प्रयोगशाळेत तपासताना

- पायथन 'डेव्ह मोड' मध्ये चालवा. एरवी लपलेल्या 'बंद केलं नाही' अशा सूचना तिथे दिसतात.
- तालीम खऱ्या संख्येची घ्या. २० × १५ ची तालीम ४२ × २५ साठी पुरत नाही. हे मी स्वतःला सांगते आहे.
- चालू प्रोग्रामची उघडी कनेक्शन्स मोजा. काम तेवढंच असताना आकडा वाढतच असेल तर कुठेतरी गळती आहे.
- मुद्दाम बिघडवून बघा : मध्येच सर्व्हर बंद करा, नेटवर्कची वायर काढा, उत्तर उशिरा पाठवा.

पालकांसाठी थोडंसं

तुमचा मुलगा किंवा मुलगी घरी असा प्रकल्प करत असेल आणि तुम्हाला त्यातलं काही कळत नसेल, तरी तीन प्रश्न नक्की विचारा :

१. हे कोणी उघडलं?
२. बंद कोण करणार?
३. मध्येच अडलं तर काय होईल?

तिसऱ्या प्रश्नाला "तसं होणार नाही" असं उत्तर आलं, तर समजा काम अजून बाकी आहे. रागावू नका, "मग एकदा मुद्दाम अडवून बघूया का?" एवढंच म्हणा.

पुढच्या सत्रात आम्ही पुन्हा प्रश्नमंजुषा घेतली. ज्या मुलाचा गुण गेला होता, त्याला मी प्रोग्राम तपासण्याची जबाबदारी दिली. त्याने स्पर्धा चालू असताना माझ्या संगणकावर आकडा बघत उभं राहायचं ठरवलं. पंचविसाव्या प्रश्नाला त्याने मला बोलावून दाखवलं : उघडी कनेक्शन्स ४२. स्पर्धा संपल्यावर एकेक मूल उठत गेलं आणि आकडा कमी होत होत शून्यावर आला. तो हळूच म्हणाला, "मॅडम, सगळ्यांनी फोन ठेवले."

तुमच्या वर्गातही हा खेळ जरूर घेऊन बघा. भेटूया पुढच्या पाठात.